लांब लाकडाची वाहतूक करणाऱ्या ट्रकचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नाशिक जिल्हा)

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून शहरातल्या वखारींकडे येणारा साग असो, न्हावाशेव्याहून कसारा चढून येणारं आयात लाकूड असो किंवा गिरणारे-पिंपळगावच्या टोमॅटोसाठी निघालेला बांबू असो, गाडीमालक, चालक, वखारवाले आणि शेतकरी यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लांब लाकडाचा लोड म्हणजे नक्की कोणता? त्याला वेगळे नियम आहेत का?

ओंडके, बल्ल्या, वासे, खांब, बांबू असा जो माल लांबीमुळे हौद्यात मावेल की नाही असा प्रश्न पडतो, तो सगळा यात येतो. लाकडासाठी वेगळा मोटार कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आणि २०१७ ची वाहनचालन विनियमावली हे इतर मालाला लागू होतात तसेच लाकडालाही लागू होतात. त्यात दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे : माल गाडीच्या बाहेर डोकावता कामा नये आणि वजन आरसीवर लिहिलेल्या पासिंगपेक्षा जास्त असता कामा नये. जंगलातला माल असेल तर वनखात्याचे नियम त्यावर वेगळे लागतात (प्रश्न १५).

२. मागे एक मीटरपर्यंत लाकूड बाहेर आलेलं चालतं ना?

नाही. हा गैरसमज अजून अनेक नाक्यांवर ऐकू येतो आणि त्याला कारण आहे. केंद्रीय नियम ९३ मध्ये पूर्वी खांब किंवा तशा लांब वस्तूंसाठी मागच्या बाजूला एक मीटरची सवलत होती. गाड्यांबाहेर आलेल्या सळ्या-खांबांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०१४ मध्ये केंद्र सरकारने ती सवलत काढून टाकली. त्यामुळे आज पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना मर्यादा शून्य आहे. ओंडक्याचं टोक वीतभर बाहेर असलं तरी तो गुन्हाच.

३. टोकाला लाल फडकं बांधलं, रात्री लाल दिवा लावला, तर चालेल का?

फडकं म्हणजे परवानगी नव्हे. प्रश्न २ मधली सवलत गेल्यावर फडक्याला कायद्याचा आधार उरलेला नाही. ज्या गाडीला सक्षम अधिकाऱ्याने लेखी सूट दिली आहे (प्रश्न ५), तिला परवानगीतल्या अटींप्रमाणे झेंडे-दिवे लावावेच लागतात, पण तो वेगळा विषय.

फडक्यावर विसंबणं धोक्याचं का, ते रात्रीच्या रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. मागून येणाऱ्या मोटारसायकलच्या दिव्यात ट्रकचे टेललाइट आणि रिफ्लेक्टर आधी दिसतात. चालक त्यांच्यावरून अंतर ठरवतो. लाकडाचं टोक मात्र त्या दिव्यांच्या दोन मीटर अलीकडे, त्याच्या छातीच्या उंचीवर असतं. कापलेला तोंडभाग मातकट, गोल आणि परावर्तन शून्य. फडकं पावसात भिजून ओंडक्याला चिकटलं किंवा धुळीने तपकिरी झालं की तेही दिसत नाही.

४. फाळका खाली सोडून त्यावर लाकूड टेकवलं तर ते गाडीच्या आतच धरतात ना?

धरत नाहीत. गाडीची लांबी म्हणजे नोंदणीच्या वेळची, फाळका बंद असतानाची लांबी. उघडा फाळका (हौद्याची मागची उघडणारी बाजू) नंबरप्लेट, टेललाइट आणि मागची परावर्तक पट्टी झाकतो, म्हणजे एका चुकीत तीन चुका होतात. शिवाय फाळक्याच्या बिजागऱ्या ओंडक्यांचं वजन तोलायला बनवलेल्या नसतात. खड्ड्यात गाडी आदळली की बिजागरी उखडते आणि टेकवलेली लाकडं एकदम खाली झुकतात.

५. मग किती फुटी लाकडाला किती फुटी गाडी घ्यावी? खूपच लांब खांब असेल तर?

हौदा आतून टेप लावून मोजा. ‘बावीस फुटी गाडी’ असं म्हणतात ते बोलण्यापुरतं. केबिनमागची जाळी आणि फाळक्याची जाडी वजा करून हातात काय उरतं ते पाहा. लाकूड त्या मापापेक्षा किमान एक फूट कमी हवं, कारण बुंधे तिरके कापलेले असतात आणि प्रवासात थोडी सरकासरक होतेच. २० फुटी ओंडक्याला २२ फुटी हौदा ठीक, १९ फुटी नाही. ९ मीटरचा खांब म्हणजे साडेएकोणतीस फूट, त्याला ३२ फुटी हौदा किंवा ट्रेलर लागतो.

एकसंध चासीच्या मालवाहू गाडीची एकूण लांबी १२ मीटर आणि रुंदी २.६ मीटर ही कमाल मर्यादा आहे. या लांबीत केबिनही आली, म्हणून साधारण १० मीटरच्या पुढचा माल एकसंध गाडीवर बसवायचा विचारच सोडा. तिथे ४० फुटी ट्रेलर. उंची ३.८ मीटरच्या आत ठेवलीत तर कुठल्याच नाक्यावर उंचीचा वाद निघत नाही. ओंडक्यांना इतकी उंची लागूही नये.

ट्रेलरवरही न मावणाऱ्या, तुकडे न करता येणाऱ्या मालासाठी ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरचा माल) परवानगी असते. ती माल भरण्याआधी घ्यायची असते. जो माल कापून किंवा मोठ्या गाडीवर टाकून नियमात बसतो, त्याला ती मिळेल अशी आशा धरू नका. वखारीला ३० फुटी ओंडका १५ फुटांचे दोन करून चालणार असेल तर तोडणीच्या जागीच कापा. लाकडाच्या भावात थोडा फरक पडेल, पण तो मान्य करण्यासारखा आहे.

६. घनफुटाच्या हिशेबाने वजन बरोबर होतं, तरी काट्यावर गाडी ओव्हरलोड कशी निघाली?

या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. चूक मापाच्या पद्धतीत आहे.

गोल लाकूड आपल्याकडे चौथाई घेराने मोजतात : घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ही पद्धत व्यापारासाठी आहे. चिरताना वाया जाणारा भाग तिने आधीच वजा केलेला असतो. त्यामुळे ती खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच आकडा देते. गाडीच्या टायरना मात्र वाया जाणारा भागही वाहावा लागतो.

उदाहरण घ्या. ४ फूट घेर, २० फूट लांबी. चौथाई घेर १ फूट, म्हणून कागदावर २० घनफूट. खरं घनफळ जवळजवळ साडेपंचवीस घनफूट. ताजं तोडलेलं ओलं लाकूड साधारण पाण्याइतकंच जड धरावं, म्हणजे घनफुटाला सुमारे २८ किलो. असे ३० ओंडके भरले तर :

कागदी हिशेब : ६०० घनफूट, सुमारे १७ टन.
प्रत्यक्ष : सुमारे ७६४ घनफूट, साडेएकवीस टनांच्या आसपास.

दहा चाकी गाडीची पासिंग २८.५ टन आणि रिकामी गाडी १० टन धरली तर माल बसतो साडेअठरा टन. कागदावर दीड टन शिल्लक दिसत होतं, प्रत्यक्षात गाडी तीन टनांनी जास्त भरली.

म्हणून चौथाई घेराच्या आकड्याला १.२७ ने गुणून मगच वजन काढा. वाळलेला साग हलका असतो (घनफुटाला १८ ते २० किलो), पण पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं लाकूड वाळलेलं समजू नका. आणि २०१८ ला वाढवलेले ॲक्सल भार (दोन ॲक्सल १८.५ टन, तीन ॲक्सल २८.५ टन) तुमच्या गाडीला आपोआप लागू होत नाहीत. आरसीवर जो आकडा आहे तोच तुमचा. जुनी दहा चाकी २५ टनांवर नोंदलेली असेल तर २५ च.

७. दंड किती आहे? आणि भरला की पुढे जाता येतं का?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाचं कलम १९४ असं आहे : जास्त वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. प्रश्न ६ मधल्या गाडीचे २६,००० होतात. माल पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत बाहेर आला तर त्याचे वेगळे २०,००० रुपये. वजन करायला थांबायला नकार दिला किंवा काट्याआधी माल उतरवून टाकला तर ४०,००० रुपये. काट्यावर न्यायचं अंतरही कायद्यात आहे : काटा पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असेल तर चालकाला गाडी न्यावीच लागते.

दंड भरून गाडी तशीच पुढे नेता येत नाही. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय किंवा लोड आत घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं त्याच कलमात लिहिलं आहे. उतरवण्याचा खर्चही तुमचाच. कलमाचे शब्द ‘जो चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो’ असे आहेत, म्हणून ‘वखारवाल्याने भरलं, मी फक्त चालक’ किंवा ‘मी मालक, मला माहीत नव्हतं’ हे दोन्ही टिकत नाही.

८. ओंडके हौद्यात रचायचे कसे?

सगळ्यांत आधी दोन्ही बाजूंचे खुंटे. लोखंडी, चासीला किंवा हौद्याच्या खालच्या चौकटीला पक्के. नुसत्या लाकडी फळ्यांच्या बाजू ओंडक्यांचा दाब धरत नाहीत. वळणावर बाजूला ढकलणारा जोर मालाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक कडेचा ओंडका किमान दोन खुंट्यांना टेकलेला हवा, आणि कडेच्या सर्वांत वरच्या ओंडक्याचा मध्य खुंट्याच्या टोकाच्या खालीच हवा. मध्य वर गेला की तो ओंडका पट्ट्यावर लोंबकळतो आहे असं समजा.

जाड आणि लांब ओंडके खाली. बुंधा आणि शेंडा आलटूनपालटून ठेवा, कारण सगळे बुंधे मागे गेले तर मागचा ॲक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मग चढावर स्टेअरिंग सुटल्यासारखं वाटतं. सगळे बुंधे पुढे घेतले तर पुढचा ॲक्सल मर्यादा ओलांडतो.

वरचा थर मधोमध थोडा उंच, पाठीसारखा ठेवा. कडा उंच आणि मध्य खोल राहिला तर पट्टा फक्त दोन कडांना धरतो; मधले ओंडके मोकळेच प्रवास करतात.

पुढची टोकं केबिनमागच्या जाळीला भिडलेली हवीत. मध्ये जागा सोडली तर काय होतं ते पाहा : जोराच्या ब्रेकमध्ये, एक मीटरच्या मोकळ्या जागेत, ओला सालपट निघालेला ओंडका जाळीपर्यंत पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर झालेला असतो. वजन सातशे किलो. जाळीच्या पलीकडे चालकाची पाठ आहे.

९. बांधायला दोर, साखळी की पट्टा? किती?

नायलॉनचा दोर ताणतो आणि गाठ मारली की त्याची निम्मी ताकद जाते. बांबूच्या हलक्या लोडला ठीक, ओंडक्यांना नाही. ओंडक्यांसाठी रॅचेटचा ५० मिलिमीटर रुंद पट्टा (लेबलवर सरळ ओढीत अडीच टन कामाची क्षमता लिहिलेली असते) किंवा ८ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी आणि ती आवळणारा बाइंडर (कामाची क्षमता ४ टन). लेबल गेलेला, कडा उसवलेला पट्टा बाद करा.

खुंट्यांमध्ये रचलेल्या ओंडक्यांसाठी अमेरिकेच्या नियमांत सगळ्या बांधण्यांची मिळून कामाची क्षमता मालाच्या वजनाच्या किमान एक षष्ठांश मागितली आहे. १८ टनांना ३ टन. हा तळ आहे, ध्येय नव्हे. आमचं सांगणं असं : प्रत्येक थप्पीला कमीत कमी दोन, २० फुटांपुढे तीन. हौद्यात पुढेमागे दोन थप्प्या असतील तर प्रत्येकीला दोन वेगळ्या. एकच बांधणी दोघींवर वाटून घेऊ नका. पट्टा जिथे धारदार कडेवरून वळतो तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. पट्ट्याचा आकडा हौद्याच्या पत्र्याला किंवा फळीला नको, चासीच्या कडीलाच.

१०. निघताना घट्ट होतं, पोचताना सैल. असं का होतं?

लाकूड बसतं म्हणून. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या धक्क्यांत ओंडके एकमेकांच्या खोबणीत उतरतात, थप्पी दोन-चार बोटं खाली जाते आणि पट्टा तेवढाच राहतो. निलगिरीत आणखी एक गोष्ट होते. ओली साल लांब पट्ट्यांनी सुटते. तुमचा पट्टा सालीवर ताणलेला असतो. साल सरकून निघून गेली की त्याखाली बोटभर फट उरते, आणि उघडा पडलेला गाभा चिकामुळे साबणासारखा गुळगुळीत असतो. पावसात हे तासाभरात होतं.

म्हणून : जंगलवाटेवरून डांबरी रस्त्याला लागल्यावर पहिला थांबा, साधारण १५ किलोमीटरवर दुसरा, पुढे दर दोन तासांनी आणि प्रत्येक घाटाच्या तोंडाशी. पट्ट्यावर मूठ मारा. घट्ट पट्टा ठण्ण वाजतो, सैल पट्टा हलतो. त्याच वेळी मागच्या जोड चाकांमध्ये अडकलेला दगड काढा. जंगलवाटेवर तो हमखास अडकतो आणि हायवेवर वेग घेतला की मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर जातो. हौद्याच्या कडेला लटकणारी सालपटं, ढलप्या झाडून टाका.

११. शहरात वळताना लांब लोडची अडचण नेमकी कशी होते?

गाडी डावीकडे वळते तेव्हा मागचं टोक उजवीकडे फेकलं जातं. मागच्या ॲक्सलपासून शेपूट ३ मीटर असेल आणि वळण आवळलेलं असेल तर ते टोक चाकांच्या कडेपेक्षा सुमारे अर्धा मीटर बाहेर जातं. लाकूड आणखी दोन मीटर मागे आलेलं असेल तर तेच सव्वा मीटर होतं, म्हणजे शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या डोक्याशी. द्वारका चौक, मुंबई नाका, आडगाव नाका इथे गर्दीत डावी-उजवीकडे दुचाक्या भरलेल्या असतात. त्यांना मागचं टोक फिरणार आहे याची कल्पना नसते आणि चालकाच्या आरशातही ते शेवटच्या क्षणी दिसतं. लोड आत असावा या नियमाचं मूळ इथे आहे.

जड वाहनांना शहरात कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने येता येतं हे पोलिस आयुक्तालयाच्या अधिसूचनेने ठरतं आणि सणावाराला बदलतं. निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.

१२. कसारा आणि बाकीच्या घाटांत काय काळजी घ्यायची?

मुंबईकडे कसारा उतरताना इगतपुरीच्या पुढे, उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरने चढला असता तोच किंवा त्याखालचा. एक्झॉस्ट ब्रेक लावून ठेवा, पायाचा ब्रेक थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबून ठेवला की लायनर तापतात आणि ब्रेक असूनही धरत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून टाकणं.

सावळघाट, मोहदरी आणि चांदवडजवळचा राहुड घाट इथे वळणाआधीच वेग कमी करा, वळणात नाही. ओंडक्यांचा गुरुत्वमध्य उंच असतो. वळणात ब्रेक मारला की लोड बाहेरच्या खुंट्यांवर रेलतो. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेकसोबत चाकामागे लाकडी पाचर हवीच. आणि निघताना पाचर किंवा दगड रस्त्यावर टाकून जाऊ नका. मागून येणारा दुचाकीस्वार धुक्यात त्यावरच आदळतो.

१३. वेगमर्यादा किती? हमाल लोडवर बसले तर?

मालवाहू गाड्यांना द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८०, शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर ६०. स्थानिक फलकावर कमी आकडा असेल तर तो. समृद्धीवर ८० ची मुभा आहे म्हणून ओंडक्यांसह ८० ने जायलाच हवं असं नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर झोप येते. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ प्रमाणे (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा चालकाचा हक्क होता. मालकाने ती दिलीच पाहिजे.

लोडवर कोणीही बसायचं नाही, वखारीच्या गेटपर्यंतही नाही. हमालांना वेगळ्या गाडीने पाठवा.

१४. रात्री गाडी बंद पडली तर?

पार्किंग लाइट आणि चारही इंडिकेटर चालू, गाडी शक्य तितकी डाव्या कडेच्या बाहेर, चाकांना पाचरी. परावर्तक त्रिकोण निदान ५० ते १०० मीटर मागे, घाटात असाल तर मागच्या वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळण घेण्याआधी दिसेल. झाडाच्या फांद्या रस्त्यात टाकण्याची रीत सोडा. अंधारात फांदी दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन करा, जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२. अपघात झाला असेल तर जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे कलम १३४ नुसार चालकावर बंधनकारक आहे.

१५. वनखात्याचा पास आहे, मग आरटीओ का अडवतात?

दोन्ही कागद वेगळ्या गोष्टी सांगतात. पास सांगतो की लाकूड कायदेशीर आहे; गाडी सुरक्षित भरली आहे हे तो सांगत नाही. पासवर ओंडक्यांची संख्या, माप, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते. ओंडक्यांवरचा हातोड्याचा ठसा तपासणीत दिसेल अशी टोकं ठेवा. प्रश्न ६ मधली अडचण इथे पुन्हा येते : पासवरच्या घनफळावरून वजन मोजू नका.

मुदत संपत आली म्हणून रात्रभर गाडी दामटणं हे अपघाताचं एक मोठं कारण आहे. उशीर होणार असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. वनक्षेत्राबाहेर, शेतात लावलेल्या बांबूला २०१७ पासून भारतीय वन अधिनियमात झाड धरत नाहीत, त्यामुळे त्या पासचा प्रश्न येत नाही. मोटार नियम मात्र सगळे लागतात.

१६. टोमॅटोसाठी पिकअपमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बांबू आणतो. एवढ्याला कोण विचारतं?

या विषयावर थोडं थांबायला हवं, कारण ट्रकवाल्यांइतकाच धोका इथे आहे आणि तो बिनधोक समजला जातो. पिकअपचा हौदा जेमतेम अडीच-तीन मीटर, बांबू वीस फुटी म्हणजे सहा मीटर. एक टोक केबिनच्या टपावरून पुढे, दुसरं मागे रस्त्यावर झुललेलं. नियमात पुढे डोकावणं हाही तेवढाच गुन्हा आहे. बांबूची टोकं तिरकी तासलेली, पोकळ आणि धारदार असतात, आणि गिरणारे रस्त्यावर संध्याकाळी मोटारसायकलींची रांग मागे असते.

उपाय सोपा आहे. टोमॅटोच्या ताटीला सहा ते आठ फुटी काठीच लागते. मग बांबू वखारीतच तेवढा कापून घ्या. आठ फुटी काठ्या पिकअपच्या हौद्यात फाळका लावून आडव्या बसतात, दोन ठिकाणी गठ्ठा बांधला की झालं. मजुरी तुम्हाला शेतात द्यायचीच होती.

ट्रॉलीचे मागचे रिफ्लेक्टर आणि दिवे चालू हवेत. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने दुसऱ्याचं लाकूड भाड्याने वाहिलं तर तो व्यापारी वापर झाला, आणि अपघातात विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

१७. माल उतरवताना काय चुकतं?

बाइंडर उघडणारा माणूस लोडच्या अंगाला उभा असतो. प्रवासात थप्पी एका बाजूला रेललेली असली तर शेवटचा पट्टा सुटल्याक्षणी वरचा ओंडका त्याच बाजूला येतो. आधी गाडीभोवती फिरा, कुठला खुंटा वाकला आहे ते पाहा. हायड्राने (चालत्या क्रेनने) वरचा थर पकडल्यावरच पट्टा सोडा. खुंटा काढायचा असेल तर माणसं विरुद्ध बाजूला. मुलं, दुचाक्या, बघे यांना लोडच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा.

१८. आम्ही गाडीवाले नाही, रोज हायवेवरून जातो. अशा ट्रकजवळून कसं जावं?

मागे किमान चार सेकंदांचं अंतर, पावसात दुप्पट. ट्रकचे आरसे दिसत नसतील तर चालकाला तुम्ही दिसत नाही. इंडिकेटर लागलेल्या ट्रकच्या कोणत्याही बाजूला चौकात घुसू नका (कारण प्रश्न ११). सैल पट्टा, हलणारा ओंडका दिसला तर चालकाला खुणा करत शेजारून चालू नका. मागे राहा, गाडी बाजूला घ्या, ११२ वर गाडीचा नंबर, दिशा आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा.

१९. सिंहस्थाच्या मांडवासाठी बल्ल्या नेतोय. ‘शासकीय काम’ असा फलक लावला तर सूट मिळते का?

फलकाने काहीच मिळत नाही. कलम १९४ मधली सूट फक्त राज्य किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीनेच मिळते, आणि ती विशिष्ट मालासाठी असते. कंत्राटात काम सरकारी असलं तरी तुमची गाडी खासगीच राहते. २०२७ च्या पर्वण्यांआधी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर पायी चालणारे लोक कितीतरी पटींनी वाढतील. बल्ल्या हौद्याच्या मापात कापून आणा आणि गर्दीच्या दिवसांआधीच आणून टाका.

२०. वाटेत लोड सरकला. परत रचायला जागा नाही, वखार आठ किलोमीटरवर आहे. हळूहळू नेलं तर?

नेऊ नका. सरकलेल्या लोडला हळू वेगही पुरेसा असतो. एका गतिरोधकावर ओंडका सुटतो. गाडी रस्त्याबाहेर सपाट जागी घ्या, प्रश्न १४ प्रमाणे त्रिकोण लावा, झुकलेल्या बाजूला कोणालाही जाऊ देऊ नका आणि पट्टे आहेत तसेच राहू द्या. सैल दिसला म्हणून त्या क्षणी आवळायला गेलं तर थप्पी तुमच्याच अंगावर ओढली जाते. हायड्रा बोलवा. लोड बाहेर आलेला असताना गाडी हलवली आणि मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हायड्रा यायला दोन तास लागले तरी तिथेच थांबा.